भाद्रपदात आग लागत नाही

माझ्या माहेरी सगळे शिक्षक. वडील रोह्याला, मोठा भाऊ पेणला, आणि एक आत्या तर निवृत्त झाल्यावरही घरी आलेल्या पाहुण्यांचं अक्षर तपासायची. त्या घरातली मी एकटी बंबात गेले. म्हणजे आग विझवायला नव्हे, वर्दी लिहायला. आग कुठं लागली, कुणी कळवलं, बंब किती वाजता निघाला, किती वाजता पोहोचला, हे एका लांबलचक पुस्तकात उतरवायचं, ही माझी नोकरी. त्याआधी मी नगरपालिकेतच जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या टेबलावर होते. तिथं एका नगरसेवकाच्या मेहुण्याला मी जरा चढ्या आवाजात रांगेत उभं राहायला सांगितलं आणि पुढच्याच आठवड्यात माझी बदली झाली. आईने काळजीने विचारलं, तिथं बायकांना आग विझवायला लावतात का गं? मी म्हटलं, तिथं पुरुषांनाही लावत नाहीत.

आमचं गाव पेण आणि रोह्याच्या मध्ये आहे. नाव सांगत नाही, कारण त्यात माझीही अब्रू गुंतलेली आहे. पेणवाले आम्हाला रोह्याकडचे समजतात आणि रोहेकर पेणकडचे, त्यामुळे कुठलीही सरकारी गोष्ट आमच्यापर्यंत येते ती दोन्हीकडे वापरून झाल्यावरच. मी राहायचे मात्र रोह्याजवळच्या अष्टमी गावात. सकाळी पूल ओलांडून रोहा स्टेशन गाठायचं, पॅसेंजर पकडायची आणि दहाच्या ठोक्याला खुर्चीत बसायचं, हा माझा नेम. मुद्दाम सांगते, कारण आमच्या विभागात वेळेवर पोहोचणारी मी एकटीच होते.

आमचं अग्निशमन केंद्र म्हणजे जुना कोंडवाडा. गावात मोकाट फिरणारी गुरं पूर्वी इथं कोंडत. मग वरून फर्मान आलं की गावाला बंब हवा. बंबाला छप्पर हवं आणि छपराखाली गाडी शिरेल एवढा दरवाजा हवा. तसा दरवाजा अख्ख्या गावात एकट्या कोंडवाड्याला होता. भिंतीवरचं जुनं नाव पुसून वर लाल रंगात नवं लिहिलं, पण रंग पातळ निघाला. पावसाळ्यात भिंत भिजली की खालचा कोंडवाडा वर यायचा. मग एखादा म्हातारा हातात दावं घेऊन दारात उभा राहायचा आणि आपली म्हैस मागायचा. पहिल्या वर्षी मी अशा लोकांना नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या वर्षापासून नुसतं म्हणायचे, अजून आलेली नाही, उद्या बघा.

सुरुवातीची सामग्री होती वाळू भरलेल्या दहा लाल बादल्या. ती वाळू गावातल्या मांजरांनी फार लवकर आपल्या वापरात घेतली. नंतर रोह्याच्या बाजूच्या एका कंपनीने स्वतःसाठी नवा बंब घेतला आणि जुना आम्हाला दिला. तो आला त्या दिवशी लोकांनी त्याला इतके हार घातले की समोरच्या काचेतून काही दिसेना, आणि स्वागताच्या कमानीचा एक खांब सोबत घेऊनच तो केंद्रात शिरला. तेव्हा मी नव्हते, पण तो खांब मी पाहिला आहे. त्यावर आम्ही टॉवेल वाळत घालायचो.

बंबाचा सायरन मुका होता. त्याच्या जागी शाळेतून मागून आणलेली पितळी घंटा. पाइपाला अकरा भोकं, शिडी कायम दिवाबत्तीवाल्यांकडे. इंजिन ढकलल्याशिवाय सुरू व्हायचं नाही, आणि आग लागली की ढकलणारी सगळी माणसं आग बघायला पळालेली असायची. टाकीत पाणी असलंच तर तो योगायोग. लग्नात पाणी कमी पडलं की बंब जायचा, पुढारी येणार म्हणून चौक धुवायला जायचा, क्रिकेटच्या सामन्याआधी मैदानावरची धूळ बसवायला जायचा. एकदा कुणाच्या वास्तुशांतीला अंगण शिंपायलाही गेला होता. आग सोडून गावातल्या प्रत्येक गोष्टीवर आमचं पाणी पडलेलं आहे.

त्यामुळे माझं काम सोपं झालं होतं. वर्दीच्या पुस्तकात शेवटच्या रकान्यात कायम एकच वाक्य असायचं. 'घटनास्थळी पोहोचलो असता आग विझलेली होती.' माझ्या आधीच्या कारकुनानेही तेच लिहिलं होतं आणि त्याच्या आधीच्यानेही. या वाक्याचा एक रबरी शिक्का करून मिळावा, असा मी अर्जही केला होता. साहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्याधिकाऱ्यांनी, तो विचारार्थ ठेवून घेतला.

मला त्या वाक्याचं हसू यायचं. आमच्या ड्रायव्हरकाकांना ते लागायचं. काका कासूच्या बाजूच्या एका गावातले, घरी भातशेती. अंगाने इतके लहान की सीटवर गोणपाटाची घडी घालून बसले तर रस्ता दिसायचा पण पाय क्लचवर टेकायचे नाहीत, आणि घडी काढली की उलटं. शिवाय देवभोळे. वाटेत देऊळ आलं की दोन्ही हात जोडायचे, आणि तेवढा वेळ बंब आपल्या मनाने चालायचा. पण मनात एक सल होता तो पक्का. तो मला त्यांनी इतक्यांदा सांगितला की आता तो थोडा माझाही झाला आहे.

काकांना नोकरीत वर्षही झालं नव्हतं तेव्हा रेल्वे फाटकापलीकडची पोह्यांची भट्टी पेटली. भट्टी एका विधवा बाईची. गावात लहानमोठे सगळे तिला वहिनी म्हणतात. भात भिजवायचं, भट्टीत भाजायचं, कुटून पोहे करायचे आणि मागच्याच दोन खोल्यांत राहायचं, असा तिचा संसार. काका बंब घेऊन निघाले आणि त्यांच्या तोंडावर फाटक पडलं. मालगाडी होती, संपता संपेना. डब्यांच्या वरून काकांना धूर दिसत होता, आधी काळा, मग पांढरा. पोहोचले तेव्हा भट्टीच्या आणि घराच्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. वहिनींनी शेजारच्या घरातून तांब्याभर पाणी आणलं, काकांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "दमला असाल."

"शिवी घातली असती तर बरं झालं असतं," काका मला सांगायचे. "पाणी दिलं ओ, ताई."

वहिनींनी भट्टी परत उभी केली, घर परत बांधलं. काका मात्र त्या फाटकापाशीच राहिले. पुढच्या सगळ्या नोकरीत ते एकाही आगीला वेळेवर पोहोचले नाहीत. कधी पाणी नव्हतं, कधी ढकलायला माणसं नव्हती, कधी दोन्ही. ज्या वर्षीची ही गोष्ट आहे त्या वर्षी भाद्रपद संपता संपता ते निवृत्त होणार होते. माझ्या टेबलाशी येऊन ते पुस्तकावर बोट ठेवायचे. वाचता फारसं येत नव्हतं, पण त्या वाक्याचा आकार त्यांना पाठ होता.

"ताई, जायच्या आधी एकदा तरी दुसरं वाक्य लिवा."

मी म्हणायचे, तुम्ही आणा, मी लिहिते. हे बोलताना मी चेष्टेत बोलायचे आणि बोलून झाल्यावर मला वाईट वाटायचं.

आता गणपतीकडे येते. आमच्या केंद्रात दर वर्षी गणपती बसायचा. पेणहून मूर्ती आणायची, माझ्या टेबलावर मखर करायचं आणि गौरींबरोबर विसर्जन. त्या वर्षी पावसाने कोंडवाड्याचं छप्पर चाळणी करून टाकलं. टेबलावर तीन धारा, कपाटात एक, खुर्चीवर मी छत्री घेऊन. पाण्याचं खातं असलं तरी एवढं पाणी आम्ही एका जागी कधी पाहिलं नव्हतं. कोरडी जागा एकच उरली होती, बंबाची पाठ. बंब गंजू नये म्हणून त्याच्यावरचे दोन पत्रे तेवढे नवे घातले होते. टाकीच्या वर शिडी ठेवायची सपाट जागा होती आणि शिडी तर नव्हतीच. आमच्याकडे दोन फायरमन होते, एक लांब आणि एक रुंद. रुंद म्हणाला, गणपती बंबावर बसवू.

एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की उत्तरपूजा होईपर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून मी विचारलं, आणि आग लागली तर? सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी जणू काही अभद्र बोलले. भात हिरवं, पेंढा ओला, रान भिजलेलं, लाकूड पेटता पेटत नाही. भाद्रपदात आग लागते होय? काका सुद्धा म्हणाले, नाय ताई, नाय लागत. मी हट्टाने वर्दीचं पुस्तक काढलं, होती तेवढी सगळी वर्षं उलटून पाहिली, आणि भाद्रपदात खरोखरच एकही वर्दी नव्हती. मीच मोठ्याने तसं जाहीर केलं. साहेबांनी तोंडी परवानगी दिली. म्हणजे या प्रकरणात पुरावा माझा होता, हे कबूल करायला हवं.

गणपती बंबावर बसला. पिवळ्या पडद्यांचं मखर, पुढ्यात समई. ती पाच दिवस अखंड ठेवायची, असा काकांचा निवृत्तीच्या वर्षाचा नेम होता. तेल तेच घालायचे, वात तेच सारायचे. पहिले दोन दिवस फार सुखाचे गेले. एक लग्नाचा मांडववाला आला, वर बघून हात जोडले आणि पाणी न मागता गेला. चौक धुवायला बोलवायला आलेला शिपाईही तसाच परतला. देव बसलेल्या गाडीला अंगण शिंपायला चल, असं कोण म्हणणार? टाकी काठोकाठ भरली ती भरलेलीच राहिली. हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या आरतीची तयारी चालली होती. मी दूर्वा निवडत होते. फोन वाजला. पलीकडे एक बाई धापा टाकत होती. फाटकापलीकडे भट्टी पेटली आहे, तुसाची पोती धरली आहेत, वारा घराकडे आहे, या. मी सवयीने विचारलं, कुणाची भट्टी? ती म्हणाली, वहिनींची.

मी फोन ठेवला आणि सांगितलं. काकांच्या हातात तेलाची बुधली होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली. पुढची काही मिनिटं आमच्या केंद्रात जी चर्चा झाली तिचं मला आजही नवल वाटतं, कारण बाहेर आग लागलेली असताना आम्ही सगळे अतिशय शांतपणे शास्त्रावर बोलत होतो. लांब म्हणाला, मूर्ती उचलून खाली ठेवू. रुंद म्हणाला, हात लावून तर बघ. मी म्हटलं, उत्तरपूजा करून टाका. लांब म्हणाला, तिसऱ्याच दिवशी? पाच दिवसांचा बोलून बसवलेला देव असा मध्येच उठवायचा? मग काकांनी गावच्या भटजींना फोन लावला. भटजी कुणाच्या तरी घरी पूजा सांगत होते, मागे घंटा वाजत होती. ते म्हणाले, मूर्ती आसनावरून अजिबात हलता कामा नये.

काकांनी बंबाकडे बघितलं. "आणि आसनच हललं तर?"

भटजी थांबले. मागची घंटाही थांबली. मग म्हणाले, आसनाबद्दल आत्ता तरी मला काही आठवत नाही.

काकांनी फोन खिशात टाकला आणि गोणपाट झटकलं. आम्हाला समजलं. मी पुस्तक काखेत मारलं, तर काका म्हणाले, ताई, तुम्ही वर चढा, समई विझायला नको. मी म्हटलं, काका, आपण आग विझवायला निघालो आहोत. ते म्हणाले, ती विझवायची, ही नाय. त्यांच्या तोंडावर असं काही होतं की मी वाद घातला नाही. साडीचा पदर खोचला, टायरवर पाय देऊन वर चढले आणि मखराला पाठ लावून बसले. एका हातात छत्री समईवर, दुसऱ्या हाताने मखराचा खांब. आमच्या घरातल्या शिक्षकांपैकी कुणी मला तसं पाहिलं असतं तर बोलणंच सोडलं असतं.

आता ढकलायचं. दोघं फायरमन मागे लागले, पण गाडी तसूभर हलेना, कारण टाकी भरलेली होती. भरल्या टाकीचा बंब आम्ही कधी ढकललाच नव्हता. लांबाने घंटा वाजवायला सुरुवात केली. आणि समोरच्या घरातून माणसं बाहेर आली. शेजारच्या आळीतून आली, चहाच्या टपरीवरून आली. एरवी आगीची घंटा वाजली की आग बघायला पळणारी हीच माणसं चपला काढून बंबाला खांदा लावायला धावली. "मोरया" म्हणून सगळ्यांनी एकदम जोर लावला आणि इंजिन खोकून सुरू झालं. त्यांच्यापैकी निम्म्यांना वाटत होतं की विसर्जन आहे. तिसऱ्या दिवशी कसलं विसर्जन, असं कुणी विचारलं नाही. देव निघाला आहे म्हटल्यावर पोहोचवायचा, एवढंच.

मग सुरू झाली आमची मिरवणूक. देव दारावरून जात असला की बायका ताट घेऊन पुढे येतात, ओवाळतात, त्याशिवाय पुढे सरकायचं नाही, ही रीत. पहिल्याच वळणावर एक आजी काकडा आणि हार घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी. मी वरून ओरडले की आग लागली आहे, बाजूला व्हा. आजी शांतपणे म्हणाली, "थांब गो, देवाला असं पाठवायचं नाय." काकांनी उभ्या आयुष्यात देवळापुढून हात न जोडता गाडी नेली नव्हती. त्यांनी आजीकडे बघितलं, धुराकडे बघितलं, आणि दोन्ही हात चाकावर घट्ट ठेवून बंब आजीच्या अंगावर जाता जाता तिला वळसा घालून काढला. पुढच्या चौकात गणपतीचं देऊळ होतं. तिथंही हात जोडले नाहीत. मी वरून त्यांचा चेहरा बघू शकत नव्हते, पण मान ताठ होती. आजी हार घेऊन मागून धावू लागली, तिच्यामागे तिची आळी, आळीमागे ताशेवाले दोघं. काहींच्या हातात ताटं, काहींच्या छत्र्या. मी छत्रीखाली समई सांभाळत होते आणि मोदक एकेक करून रस्त्यावर पडत होते.

आणि मग फाटक आलं. आमच्या डोळ्यांसमोर ते खाली यायला लागलं आणि पडलं.

काकांनी इंजिन बंद केलं नाही, पण ते खाली उतरले. फाटकाच्या दांडीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. रुळांपलीकडे धूर होता, काळा. मागे ताशा वाजत होता, कुणीतरी फुगडी धरली होती. गेटमनने केबिनमधून हात हलवून सांगितलं, येतेच आहे. यावेळी पॅसेंजर होती. खिडक्यांतून लोकांनी बंबावरचा गणपती बघितला आणि अख्खी गाडी मोरया मोरया करत आमच्यासमोरून गेली. एकाने माझ्याकडे बघून नमस्कार केला. मी चिडून तोंड फिरवलं. काका डब्यांच्या वरून धूर बघत होते. तो पांढरा होतो का, एवढंच ते बघत होते, हे मला कळत होतं, आणि त्या क्षणी मी त्या गणपतीला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. नवस म्हणता येईल असं ते नव्हतं.

गाडी गेली. धूर काळाच होता.

भट्टीचा पुढचा भाग पेटला होता. तुसाची पोती आतून लाल झाली होती आणि माळ्यावरचं लाकूड तडतडत होतं. मागच्या घराची कौलं अजून शाबूत होती. वहिनी आणि शेजारणी बादल्यांनी त्या कौलांवर पाणी मारत होत्या. लांबाने आणि रुंदाने पाइप सोडला, काकांनी पंप चालू केला, आणि पाइपाच्या अकरा भोकांतून अकरा कारंजी उडाली, तोंडातून थेंबही नाही. आम्ही तोंडाकडे बघत राहिलो. तेवढ्यात मागची मिरवणूक येऊन पोहोचली. आजीने परिस्थिती बघितली, हातातला हार पहिल्या भोकावर गुंडाळला आणि त्यावर बसली. तिच्या आळीने बाकीची भोकं घेतली. कुणी पंचा बांधला, कुणी हाताने दाबलं, ताशेवाल्यांनी आपल्या पटक्यांनी दोन बंद केली. मग पाइप फुगला आणि तोंडातून पाणी सुटलं. भरल्या टाकीचं पाणी कसं जातं ते मी पहिल्यांदा बघितलं. काकांनीही बहुधा पहिल्यांदाच बघितलं, कारण त्यांनी पाइपाचं तोंड रुंदाच्या हातातून काढून घेतलं आणि कुणाला परत दिलं नाही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही, घड्याळाकडे बघायचं माझं काम मी विसरले होते. आधी माळा काळा पडला, मग पोती बसली. धूर पांढरा झाला आणि मग तोही उरला नाही. घराची कौलं जागच्या जागी होती.

लोकांनी मोरया केला आणि काका पाइप खाली ठेवत असताना शेवटची धार उलटी वर उडाली. छत्री उलटली. मी भिजले, मखर भिजलं आणि समई विझली.

अखंड म्हणून लावलेला दिवा बंबानेच विझवलेला. काका माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. लगेच लावायला हवा, असं चार जणांनी सांगितलं. काड्या कुणाकडे? लांबाच्या खिशातली पेटी भिजून लगदा झाली होती, मिरवणुकीतल्या लोकांच्या पेट्याही तशाच. आजी म्हणाली, भट्टीत निखारा असेल, त्याच्यावर काकडा धरा. हे ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. रुंद काठी घेऊन आत गेला. पोती उपसली, राख उकरली, भट्टीच्या तोंडात वाकून बघितलं. बाहेर आला तेव्हा काळाठिक्कर झाला होता.

"काका, एक निखारा नाय. सगळं थंड."

"नीट बघितलंस?"

"हात घालून बघितलं."

काका स्वतः आत गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी खाली उतरून बघायला गेले. ते राखेच्या ढिगापाशी उकिडवे बसले होते. दोन्ही पंजे राखेत पूर्ण रुतवलेले. मला वाटलं भाजलं. मी हात धरून ओढणार, तेवढ्यात लक्षात आलं की ते रडताहेत. राख खरंच थंड होती, मीही हात लावून बघितला.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी काकांना ओळखलं होतं का, मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही. त्या वळल्या आणि घरात गेल्या. जायला घर होतं. आतून भांड्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा एका हातात देवापुढची काडेपेटी होती, कोरडी, आणि दुसऱ्या हातात तांब्या. काडेपेटी त्यांनी मला दिली. तांब्या काकांपुढे धरला.

"दमला असाल," त्या म्हणाल्या.

काकांनी राखेचे हात पँटला पुसले, तांब्या घेतला आणि वर तोंड करून सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

गावाने या सगळ्याचं जे केलं ते अपेक्षेप्रमाणेच. बंबाचा गणपती नवसाला पावतो, असं दुसऱ्या दिवशी पेणपर्यंत पोहोचलं. भटजी येऊन गेले, मूर्ती आसनावरून हलली नाही ना म्हणून विचारलं. पायांवरच्या दूर्वा जागच्या जागी असल्याचं मी दाखवलं. त्या वाटेत पडल्या होत्या आणि मीच परत वाहिल्या होत्या, पण दूर्वा निवडणारीही मीच होते, तेव्हा माझा तेवढा हक्क होता. साहेबांच्या अहवालात श्रींची कृपा दोनदा आली, बंब एकदा, आणि ड्रायव्हर आलाच नाही. आता दर वर्षी गणपती बंबावरच बसवावा, असा रीतसर ठराव झाला. बाकीचं वर्षभर टाकी भरलेली ठेवावी, असा ठराव मात्र कुणी मांडला नाही. मी मांडायला सांगितलं तेव्हा तो विचारार्थ ठेवला गेला.

पण त्या दिवशी संध्याकाळी केंद्रात परतल्यावर यातलं काही झालेलं नव्हतं. छप्पर गळत होतं. समई परत शांतपणे जळत होती. मी टेबलावरचं पाणी पुसलं, पुस्तक उघडलं, वेळा आठवून लिहिल्या आणि शेवटच्या रकान्यावर पेन थांबलं. काका समोर उभे होते, हात अजून काळे. मी लिहिलं. त्यांनी वाकून बघितलं, आकार वेगळा आहे हे त्यांना कळलं, पण काय आहे ते कळेना.

"वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं, "घटनास्थळी पोहोचलो असता आग चालू होती."

काकांनी खुर्ची ओढली आणि ते पहिल्यांदाच माझ्यासमोर बसले.

"परत वाचा," ते म्हणाले.